ती त्या घरातून निघून का जात नाही?

तुम्ही लिहिलंय की कोकणातल्या एका जुन्या वाड्यात लग्न होऊन आलेल्या मुलीवर कादंबरी लिहायला घेतली आहे, तयारी म्हणून इंग्रजीतल्या चार-पाच गॉथिक रोमान्स (जुनं घर, त्यातलं रहस्य आणि त्यात अडकलेली नायिका अशा कादंबऱ्या) वाचल्या आणि तीन गोष्टी खटकल्या. घरात काहीतरी भयंकर आहे हे कळूनही नायिका तिथून निघून का जात नाही? या सगळ्या कादंबऱ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या का वाटतात? आणि भूत खरं दाखवावं, की शेवटी त्याचा उलगडा करून टाकावा? सोबत पहिलं प्रकरणही पाठवलंत. रात्र, पाऊस, वीज गेलेली, सासरचं दार, हातात कंदील.

बावीस वर्षं मी इंग्रजी कादंबऱ्या मराठीत आणते आहे आणि त्यातल्या सहा-सात या जातीच्या आहेत. वाचक जिथून सरकन पुढे जातो तिथे अनुवादकाला मुक्काम करावा लागतो. पौंड, शिलिंग, पगार, हुंडा, वारसा हे शब्द या कादंबऱ्यांत मी इतक्या वेळा मराठीत आणले, की वादळं आणि वटवाघळं बाजूला ठेवून मी त्यांच्याकडे हिशेबाची वही म्हणूनच बघायला लागले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या वहीत आहे. तिच्याकडे गाडीभाडं नसतं.

गंमत म्हणून सांगत नाही. जेन ऑस्टेनची ‘नॉर्थँगर ॲबी’ घ्या. या सगळ्या प्रकाराची टिंगल करणारी ही कादंबरी तिनं १७९८-९९च्या सुमारास लिहिली, एका प्रकाशकानं १८०३ मध्ये दहा पौंडांना विकत घेऊन नुसती ठेवून दिली, आणि छापून आली ती बाई गेल्यानंतर, १८१७च्या डिसेंबरात. सतरा वर्षांची कॅथरीन मोरलंड अशाच कादंबऱ्या वाचून वाचून डोकं भारावून घेतलेली. जुन्या मठाचं घर केलेल्या वास्तूत ती पाहुणी म्हणून जाते. खोलीतली भली मोठी पेटी धडधडत्या छातीनं उघडते, तर आत घडी घातलेलं पांढरं पलंगपोस. काळ्या कपाटात कागदांची गुंडाळी सापडते, नेमकी मेणबत्ती विझते, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि सकाळी बघते तर धुण्याच्या याद्या. इथपर्यंत सगळे हसतात आणि पुष्कळ जण एवढंच लक्षात ठेवतात. पण खरा प्रसंग पुढे आहे. घरमालक जनरल टिल्नीनं ही मुलगी पैसेवाली आहे असं समजून तिला बोलावलेलं असतं. ती तशी नाही हे कळताच रात्री निरोप येतो: सकाळी सात वाजता गाडी सांगितली आहे, निघा. सत्तर मैलांचा प्रवास, सोबत कोणी नाही. त्या घरातली मुलगी एलिनर हळूच विचारते, ‘तुझ्याकडे पैसे आहेत ना?’ कॅथरीन पाकीट बघते. एलिनरनं विचारलं नसतं, तर घरी पोचण्याइतके पैसेही जवळ नसताना ती बाहेर पडली असती. भुतांची चेष्टा करता करता ऑस्टेन खऱ्या भीतीवर बोट ठेवते. पेटीत काही नव्हतं. पाकिटातही नव्हतं.

ज्या पुस्तकांची ती चेष्टा करत होती त्यांची मुख्य मालकीण ॲन रॅडक्लिफ. त्याआधी होरेस वॉलपोलनं १७६४ मध्ये ‘द कासल ऑफ ओट्रान्टो’ लिहून या प्रकाराचं खातं उघडलं होतं, पण त्यात आभाळातून पडलेलं राक्षसी शिरस्त्राण नवरदेवाला लग्नाच्या दिवशीच चिरडतं वगैरे प्रकार आहेत. मला ती अजूनही गंभीरपणे वाचता येत नाही. तिच्यातलं टिकलं ते एकच दृश्य: इझाबेला नावाची मुलगी हातात दिवा घेऊन किल्ल्याखालच्या भुयारातून पळते आहे, आणि मागे तिच्याशी जबरदस्तीनं लग्न करू बघणारा घरमालक. रॅडक्लिफनं हेच दृश्य घेऊन त्याच्याभोवती चार खंड रचले. ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ १७९४ मध्ये आली आणि तिचे तिला पाचशे पौंड मिळाले. त्या काळात कादंबरीला हा मोबदला डोळे पांढरे करणारा होता. इटलीतले डोंगर तिनं पानोपानी वर्णन केले, स्वतः मात्र इटली कधी पाहिली नव्हती.

उडॉल्फोच्या किल्ल्यातला काळा पडदा प्रसिद्ध आहे. नायिका एमिली तो बाजूला सारते, बेशुद्ध पडते, आणि तिनं काय पाहिलं हे आपल्याला शेकडो पानं कळत नाही. कळतं तेव्हा तो मेणाचा पुतळा निघतो. पण त्या किल्ल्यात नेमकं चाललंय काय ते पाहा. माँटोनी नावाच्या माणसानं एमिलीच्या आत्याशी पैशासाठी लग्न केलंय. आत्याच्या नावावर फ्रान्समध्ये इस्टेट आहे आणि ती सही करून देत नाही. म्हणून तिला बुरुजात कोंडतात, त्या हालांनीच ती खंगून मरते. मग वारस म्हणून एमिलीकडे तोच कागद येतो. सगळा उडॉल्फो त्या एका सहीसाठी उभा आहे. जमिनीच्या कागदावर बहिणीची सही घेण्यासाठी आपल्याकडे काय काय होतं हे पाहिलेल्या माणसाला त्या बुरुजातली भीती समजावून सांगावी लागत नाही.

आता ‘जेन एअर’. तुम्ही वाचली आहेच, पण पुन्हा वाचा आणि या वेळी पेन्सिलनं फक्त आकड्यांखाली रेघा मारा. शार्लट ब्राँटीची ही कादंबरी १८४७ मध्ये ‘करर बेल’ या टोपणनावानं आली. अनाथ जेन वर्तमानपत्रात जाहिरात देते आणि थॉर्नफील्ड हॉलमध्ये मुलीला शिकवायला लागते, पगार वर्षाला तीस पौंड. घराचा तिसरा मजला तिला पहिल्याच दिवशी दाखवतात: लांब, अरुंद, बुटका बोळ, दोन्हीकडे बंद काळे दरवाजे. आणि तिथेच ते हसू ऐकू येतं. (‘माळ्यावरची वेडी’ असं सगळे म्हणतात, मीही म्हणते, पण तिला ठेवलंय ते तिसऱ्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत. अनुवाद करताना मी आधी सवयीनं ‘पोटमाळा’ लिहून बसले होते.) हसते कोण, तर म्हणे ग्रेस पूल नावाची शिवणकाम करणारी नोकर. एकदा दुसरी एक नोकराणी बोलून जाते की ग्रेस पूलला मिळतो त्याच्या पाचवा हिस्साही पगार आपल्याला नाही. रहस्य फोडणारा पहिला धागा हाच, आणि तो पगारातून निघतो. साध्या शिवणकामाला एवढे पैसे कोण देतं?

खोलीत कोण आहे हे जेनचं घरमालक रॉचेस्टरशी लग्न लागायच्या दिवशी कळतं. रॉचेस्टरची पहिली बायको, बर्था मेसन, जमैकाची. तिच्याशी त्याचं लग्न का लावलं तेही तो स्वतःच सांगतो: वडिलांची सगळी इस्टेट थोरल्या भावाला जायची होती, म्हणून धाकट्याला श्रीमंत सासर शोधलं. हुंडा तीस हजार पौंड.

तीस पौंड खालच्या मजल्यावर, तीस हजार पौंड वरच्या. हा योगायोग की ब्राँटीनं मुद्दाम केलेला हिशेब, यावर मी पैज लावणार नाही, पण ते दोन आकडे एकाच आठवड्यात टाइप केल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईची जंगम मिळकत नवऱ्याची व्हायची आणि तिच्या जमिनीचं उत्पन्नही त्याच्याच हातात जायचं. ते बदलायला १८७०चा आणि मग १८८२चा कायदा यावा लागला. म्हणजे जेनला ज्या घरात ऊब, पुस्तकं आणि प्रेम मिळतं, त्या घराच्या मालकाकडे कोंडलेल्या बाईचा पैसा आलेला आहे.

आणि तुमच्या प्रश्नाला छेद देणारी गोष्ट म्हणजे जेन निघून जाते. मध्यरात्री उठते, किल्लीला आणि कुलपाला तेल घालते, दाराबाहेर पडते. जवळ वीस शिलिंग, तेवढीच तिची पुंजी. गाडीवान सांगतो त्या ठिकाणाचं भाडं तीस शिलिंग. ती म्हणते माझ्याकडे वीसच आहेत. तो म्हणतो बरं, बघू जमवून. दोन दिवसांनी तो तिला माळरानावरच्या एका चौरस्त्यावर उतरवतो, तेवढ्या पैशात गाडी पुढे नेता येत नाही म्हणून. तिची बोचकी गाडीतच राहते. मग दोन-तीन दिवस ती अक्षरशः उपाशी भटकते, डुकरासाठी टाकायला काढलेली गार लापशी मागून खाते. ‘निघून का जात नाही’ याचं उत्तर ब्राँटीनं नायिकेला बाहेर काढूनच दिलं आहे. आणि ती परत येते केव्हा? काका वारल्यावर वीस हजार पौंडांचा वारसा मिळतो, त्याचे चार वाटे करून स्वतःकडे पाच हजार ठेवल्यानंतर. तोपर्यंत घर जळून गेलेलं असतं.

तीस हजारवालीची बाजू सांगायला १९६६ साल उजाडलं. जीन ऱ्हिस स्वतः कॅरिबियन बेटांतली, डॉमिनिकात जन्मलेली. ‘वाइड सारगॅसो सी’ मध्ये तिनं त्या बाईला बालपण दिलं, दुसरं नाव दिलं, आणि इंग्रज नवऱ्यानं ते नाव काढून घेऊन ‘बर्था’ हे नाव लादलं असं दाखवलं. लग्नात मुलीचं नाव बदलणाऱ्या समाजात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको. तांदळात नवं नाव लिहितात, ताटाभोवती सगळे हसत उभे असतात. तुमच्या कादंबरीत हा प्रसंग असायलाच हवा आणि तुमच्या पहिल्या प्रकरणात तो नाही.

आता तुमची आवडती, ‘रेबेका’. १९३८. हिच्यात ना भूत आहे ना कोंडलेली बाई, आणि तरी भीती सगळ्यात जास्त. डॅफ्नी ड्यू मॉरिएनं निवेदिकेला नावच दिलेलं नाही. ती माँटे कार्लोत एका श्रीमंत अमेरिकन बाईची पगारी सोबतीण असते आणि तिथून एका विधुराशी लग्न करून थेट मँडर्ली या त्याच्या वाड्याची मालकीण होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोच्या, रेबेकाच्या, टेबलाशी बसली आहे. आतला टेलिफोन वाजतो. पलीकडून आवाज येतो, ‘मिसेस डी विंटर?’ आणि ही पटकन म्हणते, ‘तुमची काहीतरी चूक होतेय, मिसेस डी विंटरना जाऊन वर्ष होऊन गेलं.’ मग लक्षात येतं की मिसेस डी विंटर म्हणजे आपणच, आणि फोनवर आहे घराचा कारभार बघणारी मिसेस डॅन्व्हर्स. तिला विचारायचं असतं की दुपारच्या जेवणात सॉस कुठला करायचा. एवढंच! पण पहिल्या मिसेस डी विंटरचं सॉसकडे फार बारीक लक्ष असायचं. ते पान मराठीत आणताना माझ्या पोटात गोळा आला होता, कारण हे आपण पाहिलेलं आहे. ‘आमच्याकडे आमटीला चिंच नाही घालत, आमसूल.’ सुनेला परकं करायला एवढं वाक्य पुरतं.

त्याच खोलीत तिच्या हातून चिनी मातीचा एक छोटा पुतळा फुटतो. ती काय करते? तुकडे गोळा करून खणात मागच्या बाजूला लपवते. मालकीण! मग चोरीचा आळ एका नोकरावर येतो आणि तिला सगळं कबूल करावं लागतं, आणि नवरा म्हणतो की तू मालकिणीसारखी नाही, मोलकरणीसारखी वागतेस. किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला आहे, यावर घर कोणाचं ते ठरतं, सातबाऱ्यावर नाव कोणाचंही असो. मिसेस डॅन्व्हर्सला हे माहीत आहे. मेलेल्या बाईची खोली ती रोज झाडते, फुलं ठेवते, रात्रीचा गाऊन पलंगावर काढून ठेवते. भूत खरं की खोटं या तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायची ही सगळ्यात हुशार रीत: भूत नाहीच, पण त्याची सेवा रोज चालू आहे.

(एक आवांतर. ज्या मेनाबिली नावाच्या घरावरून मँडर्ली सुचलं, ते कॉर्नवॉलमध्ये आहे आणि लेखिकेचं कधीच नव्हतं. १९४३ मध्ये तिनं ते भाड्यानं घेतलं, पडकं होतं ते राहण्याजोगं केलं, सव्वीस वर्षं राहिली, आणि १९६९ मध्ये मूळ मालकांच्या घराण्यासाठी तिला ते सोडावं लागलं.)

आपल्याकडे ‘रेबेका’ पोचली ती १९६४ च्या ‘कोहरा’ या हिंदी चित्रपटातून. नवी सून वहिदा रहमान आणि मिसेस डॅन्व्हर्सच्या जागी ललिता पवार. येवल्याच्या या बाईइतकं त्या भूमिकेला योग्य कोण होतं? आजही सासू म्हटलं की त्यांचाच चेहरा समोर येतो. हॉलिवूडच्या १९४० च्या चित्रपटात मात्र एक बदल केलेला आहे, आणि लिहिणाऱ्यानं तो लक्षात ठेवावा. कादंबरीत नवऱ्यानं पहिल्या बायकोला गोळी घातलेली आहे. चित्रपटात ती पडून डोक्याला मार लागून मरते, कारण बायकोचा खून करून सुटलेला नायक तेव्हाच्या सेन्सॉरच्या नियमात बसत नव्हता. पडद्यावर प्रेमकथा स्वच्छ झाली, पण कादंबरीचा डंख गेला. कादंबरीत निवेदिका खुनाची कबुली ऐकते आणि तिला काय वाटतं, तर सुटका: त्याचं तिच्यावर प्रेम नव्हतंच! वाचताना आपणही क्षणभर तिच्याबरोबर खूश होतो, आणि मग स्वतःचीच शरम वाटते.

साच्याचा मुद्दा पटकन संपवते. तुम्ही वाचलेल्यांपैकी निम्म्या १९६० नंतरच्या पेपरबॅक असणार. त्या वर्षी व्हिक्टोरिया होल्टची ‘मिस्ट्रेस ऑफ मेलिन’ आली. होल्ट म्हणजे एलिनर हिबर्ट, जी जीन प्लेडी या नावानं ऐतिहासिक कादंबऱ्याही लिहायची. कॉर्नवॉल, विधुर मालक, हट्टी मुलगी, शिकवायला आलेली बाई: जुनं सामान नव्यानं मांडलेलं, पण हात सफाईचा. ती तुफान खपली आणि अमेरिकी प्रकाशकांनी रांगच लावली. मुखपृष्ठ एकच: पुढे वाऱ्यावर केस उडवत पळणारी मुलगी, मागे काळं घर, आणि एकाच खिडकीत दिवा. जोआना रस या लेखिकेनं १९७३ मध्ये या ढिगाची चिरफाड करणारा निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकाचा आशय असा: कोणीतरी मला मारायला टपलंय आणि मला वाटतं तो माझा नवराच आहे. यापेक्षा नेमकं कथानकसार मी वाचलेलं नाही. तेव्हा हो, साचा आहे. आपल्या लावणीलाही आहे. साचा असल्यामुळे काही बिघडत नाही, पण साच्यात पैसा आणि कायदा खरा हवा. तो नसला की उरतं फक्त ते मुखपृष्ठ. त्या पिढीतली एकच वाचायची तर मेरी स्टुअर्टची ‘नाइन कोचेस वेटिंग’ (१९५८) वाचा. आणि साचा उलटा कसा करतात ते बघायला सिल्व्हिया मोरेनो-गार्सियाची ‘मेक्सिकन गॉथिक’ (२०२०). तिथे नायिका श्रीमंत आहे, पैशासाठी तिला तिथे राहावं लागत नाही, आणि नडलेलं आहे ते चांदीची खाण बंद पडलेलं इंग्रज घराणं.

भुताबद्दल आणखी थोडं, कारण इथे मराठीत लिहिणाऱ्याची वेगळी अडचण आहे. आपली भुतं फार ओळखीची आहेत. मुंजा पिंपळावर, हडळीचे पाय उलटे, देवचाराला काय लागतं ते गावात कोणीही सांगेल. नाव घेतलं की पाठोपाठ उतारा येतो: नारळ द्या, गाऱ्हाणं घाला, अंगारा लावा. उपाय ठाऊक असला की भीतीची धार जाते. भयकथा म्हणून ते उत्तम चालतं, पण गॉथिकला उपाय नसलेली गोष्ट लागते. मी हे स्वतःच्या खर्चानं शिकले. माझ्या एका अनुवादाच्या मुखपृष्ठावर प्रकाशकांनी कवटी आणि लाल डोळे छापले. पुस्तकात भूत नव्हतं. ‘शेवटपर्यंत वाट पाहिली, आलंच नाही’ अशी पत्रं मला वर्षभर येत होती. तुमच्या कादंबरीत रॅडक्लिफसारखा शेवटी उलगडा केलात तरी चालेल, हेन्री जेम्सनं १८९८ मध्ये ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ मध्ये केलं तसं दोन्ही दारं उघडी ठेवलीत तरी चालेल. पण उलगडा मेणाच्या पुतळ्यावर थांबू देऊ नका. ‘हसत होती ती नोकर’ हे खोटं उत्तर आणि ‘हसत होती ती मालकीण’ हे खरं उत्तर, यातलं अंतर बघा. खरं उत्तर कळल्यावर भीती वाढते.

आता तुमचं घर. आधी वर्ष ठरवा, कारण तुमच्या प्रकरणावरून १९३५ आहे की १९९५ ते कळत नाही, आणि इथे सगळं त्यावर अवलंबून आहे. १९३५ असेल तर घरात कोणीतरी लाल आलवणातली, केशवपन केलेली बाई मागच्या खोलीत असणार. तिला तुम्ही वेडी वगैरे करायची गरज नाही. ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे आणि कोणी तिच्याकडे बघत नाही, तिच्या आधी झालेल्या गोष्टी फक्त तिलाच माहीत आहेत, आणि १९३७चा कायदा यायच्या आधी एकत्र कुटुंबाच्या इस्टेटीत तिचा हक्क पोटगीपुरता. इंग्रजी कादंबरीला कोंडलेली बाई बोळाच्या टोकाला लपवावी लागली. आपल्याकडे ती सोवळ्यात स्वयंपाक करत होती. १९९५ असेल तर वेगळंच: महाराष्ट्रात १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क आहे, पण त्याआधी लग्न झालेल्यांना तो २००५ पर्यंत नव्हता. म्हणजे मोठ्या नणंदेला काही नाही आणि धाकटीला वाटा. त्या दोघींना एका माजघरात बसवा आणि बघा काय होतं. आणि कथा सीमेपलीकडे गोव्यात नेलीत तर अख्खा पाया बदलतो. तिथे १८६७च्या पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेनं, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मिळकत सामायिक होते आणि बायकोच्या संमतीशिवाय घर विकता येत नाही. तिथली सून निर्धन म्हणून घाबरणार नाही. तिची सही हवी आहे म्हणून घाबरेल. म्हणजे थेट उडॉल्फो.

मोबाइलची चिंता करू नका. रेंज नाही हा बहाणा आता जुना झाला. रेंज द्या, चार दांड्या द्या. फोन करायचा कोणाला, हे अवघड करा.

माळ्याचा मोहही आवरा. कोकणातल्या घराच्या माळ्यावर काय असतं? भाताची कणगी, आढीत घातलेले आंबे, गणपतीचं मखर, जुनी तांब्याची भांडी. दिवसातून दोनदा कोणीतरी वर जातं. तिथे रहस्य एक दिवस टिकणार नाही. कुलूप कुठे असतं? दागिन्यांच्या पेटीला, कागदांच्या ट्रंकेला. आणि ज्या खोलीला कुलूप नाही पण कोणी जात नाही, अशी एक खोली असतेच. आणि हो, पहिलं प्रकरण रात्रीचं नको. तिला दुपारी एक वाजता आणा, पानं मांडलेली असताना. कोणाच्या पंगतीला बसवतात, वाढतं कोण, मीठ संपलं तर ती कोणाकडे बघते, एवढं लिहा. कंदिलाची गरज पडणार नाही.

शेवटी एक खास मराठीतलं, ज्याचा इंग्रजी लेखकांना हेवा वाटावा. त्यांच्याकडे सगळ्यांना एकच सर्वनाम. आपल्याकडे तू आणि तुम्ही आहे, म्हणजे घरातला प्रत्येक दरवाजा उघडा की बंद ते क्रियापदातच कळतं. ‘जेन एअर’ करताना पहिला महिना मी यावरच घालवला. मालक रॉचेस्टर पगारी मास्तरीणबाईला काय म्हणेल? मी त्याला ‘तुम्ही’ वर ठेवलं, कोरड्या, घमेंडखोर ‘तुम्ही’ वर. मग आगीची रात्र येते. त्याच्या पलंगाचे पडदे पेटलेत, जेन घागरीनं पाणी ओतते, आणि तो ओलाचिंब दचकून उठतो, पूर आला की काय असं ओरडत. तिथे मी त्याला पहिल्यांदा ‘तू’ म्हणायला लावलं. ठरवून नाही, घाबरून. सकाळी परत ‘तुम्ही’. वाचकाला त्या एका रात्रीतच सगळं कळतं. जेन मात्र त्याला शेवटपर्यंत ‘तुम्ही’ म्हणते, प्रेमात पडल्यावरही. अगदी शेवटी, तो आंधळा झालाय, घर जळून गेलंय, हिच्या नावावर पाच हजार पौंड आहेत, तेव्हा ती एकदाच ‘तू’ म्हणते. तुमच्या मिसेस डॅन्व्हर्सनं, म्हणजे आतेसासूबाई असतील किंवा जुनी कामवाली असेल, सुनेला ‘अहो सूनबाई’ म्हणत राहावं. नुसत्या ‘गं’ पेक्षा ते कितीतरी वाईट लागतं.

आणि ते प्रसिद्ध वाक्य, ज्यात ती वाचकाला थेट सांगते की मी त्याच्याशी लग्न केलं. माझ्या हस्तलिखितात तसंच होतं. मुद्रितं आली तेव्हा कोणीतरी ते सुधारून ‘माझं त्याच्याशी लग्न झालं’ केलेलं होतं. मराठीच्या कानाला तेच सरळ वाटतं, आपल्याकडे बायकांची लग्नं होतातच. मी लाल पेननं ‘झालं’ खोडून ‘केलं’ लिहिलं, दुसऱ्या मुद्रितात पुन्हा ‘झालं’ आलं, मी पुन्हा खोडलं आणि या वेळी समासात ‘मुद्दाम’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

तुमच्या पहिल्या प्रकरणात ‘लग्न होऊन आली’ असं आहे. तिथे ते बरोबर आहे, तसंच ठेवा.